वाऱ्याचा मजला

११ फेब्रुवारी

टिल्लू,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. तीन वर्षं ज्याने सख्ख्या बहिणीचा फोन उचलला नाही, त्याला प्रिय म्हणायला माझी हरकत नाही, पण वाचून तू नाक मुरडशील. पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय, कारण घरचा पत्ता तू कळवलेला नाहीस. तिथे कुणी उघडून वाचलं तरी चालेल. उंच उंच इमारती काढणाऱ्या साहेबांना घरी टिल्लू म्हणतात, हे त्यांनाही कळू दे.

आम्ही बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा डावा पाय अजून ऐकत नाही, त्याची भरपाई तोंड करतं. सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसवलं की दुपारपर्यंत खालच्या लोकांची उणीदुणी काढतात. एकतिसाव्या मजल्यावरून माणूस तो केवढा दिसणार, तरी कोण पोक काढून चालतंय ते यांना बरोबर कळतं.

पत्राला कारण असं की सोसायटीने तुझ्या या इमारतीबद्दल रहिवाशांची मतं मागवलीत. काय आवडलं, काय खटकतं, काय बदलावं. मतं गोळा करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. निवृत्त मुख्याध्यापिका दिसली की लोकांना राहवत नाही. तर मी घरोघर हिंडतेय. तुला ऐकायला आवडणार नाही, म्हणूनच सांगते.

स्वयंपाकघर इतकं निमुळतं आहे की नवराबायकोचं भांडण झालं तर एकाला पाठमोरं चालत बाहेर यावं लागतं, असं नवव्या मजल्यावरची म्हणाली. बाल्कनी गोल केलीस, तिथे कपड्यांची दोरी सरळ बांधता येत नाही. काळ्या काचा बाहेरून रुबाबदार दिसतात, पण आत भर दुपारी दिवा लावावा लागतो. खालचा हॉल सगळ्यांना आवडतो. तिथे कुणी शिंकलं तरी भाषण केल्यासारखं घुमतं.

आणि एका गोष्टीवर झाडून सगळ्यांचं एकमत आहे. चोविसावा मजला. एवढी देखणी इमारत आणि मध्येच एक मजला भिंतींशिवाय, नुसते खांब, कठडा आणि जाळी. तिथून वारा शिट्ट्या मारत जातो. बावीस-तेविसावाले म्हणतात रात्री डोळा लागत नाही. इमारतीतला दंतवैद्य सोसायटीच्या सौंदर्य समितीत माझ्याबरोबर आहे. तो म्हणाला, “मॅडम, सुंदर बाई हसली आणि समोरचा दात नाही, असं दिसतं हो ते.” मी इतकी हसले की त्याला वाटलं मी त्याच्या बाजूची आहे.

तशी मी आहेच. उद्घाटनाच्या दिवशी माइक माझ्या हातात दिलास आणि विचारलंस, “ताई, कशी वाटली?” मी दहापैकी चार गुण दिले. लोक हसले, तू नाही हसलास. मत विचारलं तर मत दिलं. त्यात तीन वर्षं अबोला धरण्यासारखं काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

रिकाम्या मजल्याचं काय करायचं, ते कळव. नाहीतर आम्ही आमचं ठरवू.

ताई


२७ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. “चोविसावा मजला बंद करू देऊ नकोस. तो वाऱ्यासाठी आहे.” खाली सही.

पाकीट पुन्हा पुन्हा झटकून पाहिलं. म्हटलं, दुसरा कागद आत अडकला असेल. भाऊजी कसे आहेत, तू कशी आहेस, पाय बरा आहे का, काही नाही. शाळेत शिपायाला चिठ्ठी पाठवायचे तीसुद्धा याहून मायेने लिहायचे मी.

आणि वाऱ्यासाठी म्हणजे काय? वारा काय सभासद आहे सोसायटीचा? आम्ही रहिवासी वर्षानुवर्षं इथे राहणार, आणि अख्खा मजला वाऱ्याला आंदण द्यायचा? का, कशाला, न दिला तर काय होईल, हे चार ओळीत समजावून सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं का? पण नाही. साहेबांनी हुकूम काढायचा आणि आम्ही मान डोलवायची. लहानपणी तू दार सताड उघडं टाकून पळायचास आणि मी मागून ओरडायचे, “टिल्लू, दार लावून घे!” मोठा झालास तरी तीच खोड. आता अख्खा मजलाच उघडा टाकून निघून गेलास.

तुझे भाऊजी म्हणाले, “अगं, लिहिलंय ना त्याने, मग असेल काहीतरी.” त्यांची सगळी हयात जहाजांवर स्वयंपाक करण्यात गेली. कप्तान म्हणेल ते खरं, ही त्यांची सवय. माझी नाही.

सभा पुढच्या महिन्यात आहे. ये ना. उभा राहून सगळ्यांना सांग काय सांगायचंय ते. मी माइक तुझ्याच हातात देईन.

ताई


२० मार्च

टिल्लू,

सभा झाली. तू आला नाहीस.

कोपऱ्यातली खुर्ची मी पर्स ठेवून धरली होती. सेक्रेटरी दोनदा विचारून गेला, “मॅडम, कुणी यायचंय का?” शेवटी पर्स उचलली.

मजला बंद करायचा ठराव पास झाला. काचा बसवायच्या, आत गालिचा घालायचा आणि समारंभांसाठी हॉल करायचा. वाढदिवस, साखरपुडे, सगळं घरच्या घरी. काचा बसवायला परवानगी लागेल का, असं कुणीतरी विचारलं. सेक्रेटरी म्हणाला, “भिंत थोडीच बांधतोय? काचाच तर आहेत. लागलीच तर मागाहून घेऊ.” सगळ्यांना पटलं. मग दंतवैद्याने माझ्याकडे वळून विचारलं, “आर्किटेक्ट तुमचे बंधू ना? त्यांचं काय म्हणणं?”

मी म्हटलं, “त्याला कळवलंय.”

हे खोटं नाही. “मग हरकत नाही ना त्यांची?” तो म्हणाला. मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते लोकांनी आपापल्या सोयीने ठरवलं.

तुझी दीड ओळ माझ्या पर्समध्ये होती. काढून वाचली असती तर काम थांबलं असतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. पण टिल्लू, काम थांबलं असतं तर तू आला असतास का? नसता आलास. आणखी एक दीड ओळ आली असती. तुझ्या इमारतीला हात लागला तरच तू धावत येशील, बहिणीसाठी नाही येणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. घे, लिहून टाकलं.

तरी मी एक केलं. काचा सरकत्या हव्यात, असा हट्ट धरला. वारा सुटला की उघडून ठेवायच्या. दंतवैद्य म्हणाला, “कशाला मॅडम, उगाच खर्च?” मी म्हटलं, सरकत्या म्हणजे सरकत्याच. का, ते सांगितलं नाही. मुख्याध्यापिकेला का म्हणून विचारायची हिंमत अजून लोकांना होत नाही, हे बरं आहे.

ताई


२ मे

टिल्लू,

हॉल झाला. परवा पहिला वाढदिवस झाला तिथे. शिट्टी बंद झाली, बावीस-तेविसावाले मला भेटून हात जोडतात. बाहेरून इमारत एकसंध दिसते. दंतवैद्य खाली बागेत उभा राहून मान वर करून बघत होता, म्हणाला, “आता कसं तोंडभर हसतेय!”

काचा सरकत्या आहेत, पण वाऱ्याने खडखडायच्या. समारंभात भाषणं ऐकू येईनात म्हणून त्यांना आडवी पट्टी घालून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे दिली ठेवायला. जबाबदार व्यक्ती म्हणून.

एक विचारू? परवापासून आमच्या न्हाणीघरातल्या बादलीतलं पाणी हलतं. वारा असला की. मी बाजूला उभी राहून बघते, कुणी धक्का दिलेला नसतो, आणि पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जातं आणि परत येतं. पूर्वीही वाऱ्याच्या दिवसांत थोडं हलायचं, नाही असं नाही. आता सांडतं. दिवाणखान्यातला टांगलेला दिवा डोलतो. झोपायच्या खोलीचं दार आपलं आपण उघडतं आणि आपलं आपण मिटतं. तू घरात असल्यासारखं वाटतं.

तुझे भाऊजी खूश आहेत. म्हणतात, “अगं, जहाज निघालं.” ताटं ठेवायच्या फळीवर त्यांनी माझ्याकडून ओलं फडकं अंथरून घेतलं. जहाजावर तसंच करतात म्हणे, म्हणजे भांडी घसरत नाहीत. मी हसत हसत अंथरलं. काल ते फडकं वाळलं होतं आणि दोन पेले फुटले.

शेजारीण मळमळतं म्हणून डॉक्टरकडे गेली. तिला वाटलं दिवस गेले. नाही गेलेले. तिसाव्या मजल्यावरच्या आजोबांचंही डोकं गरगरतं. आजोबांचा मुलगा म्हणतो, उन्हामुळे असेल. मीही म्हटलं, उन्हामुळेच असेल.

वीस मार्चचं पत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. पाकिटावर पत्तासुद्धा घातला होता, टाकायचं राहून गेलं. राहून गेलं असं नाही. तू वाचून काय म्हणशील याची मला भीती वाटली. हेही बहुतेक त्याच्याशेजारी जाऊन पडेल.

ताई


१४ मे

टिल्लू,

परवा दुपारी चोविसाव्यावरची एक काच पडली. अख्खी नाही, कोपऱ्याचा तुकडा, पण पाटाएवढा. बागेत ज्या बाकावर बायका बसतात त्याच्यावर. बाक उन्हात होता म्हणून रिकामा होता. लाकडात काच उभी रुतून बसली होती. वॉचमनने गोणपाटात धरून ओढली तरी निघेना.

सेक्रेटरी म्हणाला, काच बसवणाऱ्याचं काम कच्चं. नवी काच लावून घेतली आणि प्रकरण मिटवलं. बाकावर कुंडी ठेवली.

मी मात्र काल दुपारी किल्ली घेऊन खाली चोविसाव्यावर गेले. पट्टीचं कुलूप काढलं आणि काच सरकवायला लागले. ती जागची हलेना. दुसरी पाहिली, तीही नाही. खालच्या रुळात अडकल्यात. नवीन असताना बोटाने सरकायच्या. इमारत हलून हलून रूळ वाकडे झाले असावेत. सारा जीव लावून ढकलली तेव्हा एक हातभर सरकली आणि तेवढ्या फटीतून असा वारा आत घुसला की मी मागे जाऊन पडले. पाठीला खरचटलंय. भाऊजींना सांगितलं नाही. मग कशीबशी ओढून ती पुन्हा बंद केली आणि कुलूप लावलं. एकट्याचं काम नाही ते, दोघं लागतात.

तिथे गालिच्यावर बसून मला रडू आलं. बत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला रे. वारे शिकवले. हवेची वाट अडवली की ती अडवणाऱ्यालाच कशी हलवते, हे फळ्यावर बाण काढून काढून दाखवलं. खोडकर मुलांना त्यावरून छड्या मारल्या. आणि तू लिहिलंस, वाऱ्यासाठी आहे, तेव्हा मला त्यात फक्त माझा अपमान दिसला. कशासाठी आहे हे मला तेव्हाच समजलं होतं, टिल्लू. न समजल्याचं सोंग केलं, कारण तू ‘ताई’ असं लिहिलं नव्हतंस.

सेक्रेटरीला सांगितलं की काचा काढून टाकू या. तो म्हणाला, एकवीसला साखरपुडा आहे, गालिचा, स्पीकर सगळं आत आहे, त्यानंतर बघू. मग मी त्याला तुझी दीड ओळ दाखवली. त्याने वाचली, तारीख पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. “हे तुमच्याकडे फेब्रुवारीपासून होतं?” म्हणाला. मी कागदाची घडी घालून तो परत पर्समध्ये ठेवला. तो म्हणाला, हे आता कुणाला दाखवू नका, लोक तुम्हाला सोडणार नाहीत. आणि मी नाही दाखवलं.

बातम्यांत वादळ सांगताहेत, पुढच्या आठवड्यात. इकडे येईलच असं नाही म्हणतात.

मागची दोन्ही पत्रं आणि हे, तिन्ही एकाच पाकिटात घालून आज स्वतः जाऊन पेटीत टाकतेय. तू चिडशील, चीड. काय करायचं ते फक्त सांग. हवं तर दीड ओळीत सांग.

ताई


१९ मे, दुपार

टिल्लू,

हे पत्र टाकायला कुठे जाणार नाहीये. तरी लिहितेय, कारण हात रिकामे ठेवून बसवत नाही.

वादळ उद्या येणार होतं. आज सकाळीच आलं. मी आणि वॉचमन मिळून उद्या सकाळी काचा उघडणार होतो. सेक्रेटरीला न विचारता, तसं आमचं ठरलं होतं. आता लिफ्ट बंद पडल्यात. वारा एवढा झाला की त्या आपोआप थांबतात, तूच म्हणे तशी सोय केली होतीस. बहुतेक सगळे जिन्याने उतरून खालच्या हॉलमध्ये जमलेत. दंतवैद्य आणि शेजारणीचा नवरा भाऊजींना खुर्चीसकट उचलून न्यायला आले होते. यांनी ऐकलं नाही. म्हणाले, “एकतीस मजले तुमच्या हातात हिंदकळण्यापेक्षा मी इथेच डोलतो.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू जा.” मी म्हटलं, गप्प बसा. जाताना दंतवैद्याचा चेहरा पांढरा पडला होता.

आता नुसतं पाणी हलत नाही. खुर्ची सरकते. भिंती कुरकुरतात, जुनी खाट कुरकुरते ना, तशा. स्वयंपाकघरातली एक फरशी मघाशी मधोमध तडकली. खालून, चोविसाव्याच्या बाजूने, थोड्या थोड्या वेळाने धाडकन आवाज येतो. पूर्वीची शिट्टी येत नाही. ती शिट्टी ऐकायला मी आज काय वाटेल ते देईन.

भाऊजींनी माझा हात धरून ठेवलाय, त्यामुळे अक्षर वाकडं येतंय. म्हणतात, घाबरू नकोस, वाकतं ते मोडत नसतं. मी विचारलं, “जहाजावर असं झालं की काय करायचात?” म्हणाले, “मी? मी कांदा चिरत राहायचो. बाकीचं कप्तान बघायचा.”


(थोड्या वेळाने)

आत्ता इंटरकॉम वाजला. वॉचमन होता. आधी मला त्याचं बोलणंच कळेना, इतका ओरडत होता.

“मॅडम, तुमचे भाऊ आलेत! खाली थांबा म्हटलं, ऐकलं नाही, जिन्याने वर निघालेत!”

मी विचारलं, “काय म्हणाला?”

“म्हणाले, आधी चोविसाव्यावर जातो, काचा उघडतो, मग ताईकडे.”

ताईकडे म्हणालास. वॉचमनला मी पुन्हा विचारून घेतलं.

टिल्लू, तीन वर्षं मी तुझी वाट पाहिली. तू यावंस म्हणून मी काय करून बसले ते तू वाचलं आहेस. आणि आज तू खरंच आलास, तर माझ्या मनात एकच आहे, की तू परत जावंस. खाली जा रे. पण तू ऐकणार नाहीस. कधी ऐकलंस?

आणि तू तिथे पोचून करणार काय? पट्टीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे, हे तुला मी लिहिलं होतं, पण घाईत तू कुणाकडे मागितली नाहीस. तू ती पट्टी तोडायला बघशील. ती तुटली तरी काच एकट्याने सरकत नाही. दोघं लागतात.

भाऊजींना सांगितलं. त्यांनी माझा हात सोडला. म्हणाले, “जा. मी कुठे पळून जातोय?”

तेव्हा निघतेय. सात मजले उतरायचेत, उतरेन. पायात बूट घातलेत, किल्ली गळ्यात बांधलीय, पदर खोचलाय. तू म्हणशील, ताई आता शाळेतल्यासारखी दिसते.

हा कागद भाऊजींच्या हातात देऊन जाते. मी तुझ्याबरोबर वर आले, तर तो फाडून टाक, मी तोंडाने सांगेन. तू एकटा आलास, तर वाच. मी चुकले, टिल्लू. तुझा मजला बरोबर होता. सगळ्या इमारतीत तेवढाच एक बरोबर होता, बाकीच्या इमारतीला दिलेल्या चारच गुणांवर मी अजून ठाम आहे. स्वयंपाकघर खरोखरच निमुळतं आहे.

भाऊजींना संध्याकाळची गोळी द्यायची आहे, निळी, अर्धी.

घराचं दार मी सताड उघडं टाकून जातेय. लावू नकोस.

तुझी
ताई